बांधावरचा दिवा आणि गणकाचे उत्तर

गणिताचे उदाहरण सोडवून झाले, की आपण पुस्तकाच्या शेवटची पाने उलटतो. तेथील आकडा आपल्या आकड्याशी जुळला, की वही मिटून खेळायला मोकळे! पण उत्तर बरोबर आणि रीत साफ चुकीची, असे कधी तुमच्या बाबतीत घडले आहे का? परीक्षेत असे झाले तर फार तर दोन गुण जातात. पण त्या उत्तराच्या भरवशावर कोणी रात्रीच्या अंधारात शेतावर जाणार असेल तर? अशाच एका उत्तराची हकीगत आज तुम्हांला सांगायची आहे.

गेल्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावातील दहावीची विद्यार्थिनी, तिच्या विज्ञानशिक्षकांची चिठ्ठी घेऊन नाशिकला माझ्याकडे आली. हातातल्या पिशवीत एका फळीवर बसवलेले तीस पांढरे एलईडी, एक जुनी बॅटरी आणि कागदांचे एक भेंडोळे होते. शेतीपंपांना रात्रीच्या पाळीने वीज मिळण्याची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षे चालत आली. त्यामुळे कांद्याला, गव्हाला पाणी भरायचे म्हणजे रात्री दहाला जाऊन सकाळी सहाला परत यायचे. मोटारीच्या खोलीत वीज असते. पण वाफे मोडायचे असतात ते दूर बांधावर, आणि तेथे मिट्ट काळोख! शेजारी उभा ऊस. गोदाकाठच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचतच असाल. वडिलांना या बांधावरून त्या बांधावर उचलून नेता येईल आणि रात्रभर जळेल असा दिवा करावा, ही तिची कल्पना.

दिवा करण्यापूर्वी तिने एक चांगली गोष्ट केली होती. शाळेच्या संगणकावर, स्प्रेडशीटमध्ये, तिने एक ‘दिवा-गणक’ तयार केला होता. बॅटरी किती व्होल्टची, एका माळेत एलईडी किती, धारा किती, हे आकडे रकान्यांत भरले, की रोधक किती ओहमचा लावायचा आणि दिवा किती तास जळेल, हे तो गणक सांगे. ‘‘सर, गणक चुकत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘पण दिवे मंद का होत चाललेत?’’

मग आम्ही दोघांनी त्या गणकाची तपासणी सुरू केली. एकेक करून त्यात पाच चुका सापडल्या, आणि गंमत अशी, की त्यांतली एकही बेरीज-वजाबाकीची नव्हती!

रोधक कशाला हवा?

साधा तारेचा बल्ब घ्या. विभवांतर थोडे वाढवले, तर धारा थोडी वाढते. एलईडीचे तसे नाही. गोदावरीवरचा एखादा बंधारा डोळ्यांसमोर आणा. पाण्याची पातळी बंधाऱ्याच्या माथ्याखाली असेल तोवर पलीकडे टिपूसही जात नाही. पातळी माथ्याच्या वर चार बोटे चढली, की पाणी धो धो वाहू लागते. एलईडीचेही असेच आहे. ठरावीक विभवांतरापर्यंत त्यातून धारा जवळजवळ जात नाही. त्यानंतर मात्र व्होल्टच्या दहाव्या हिश्शाची वाढदेखील धारा कितीतरी पटींनी वाढवते. लहान, ५ मिलिमीटर व्यासाच्या एलईडीला सुमारे २० मिलिअँपिअर धारा मानवते. त्यापेक्षा बरीच जास्त धारा गेली, तर तो तापतो, लवकर मंद होतो किंवा जळून जातो. या धारेला लगाम घालण्यासाठी त्याच्याबरोबर एकसर जोडणीत रोधक लावतात.

हिशेब अगदी सोपा आहे. बॅटरीच्या विभवांतरातून माळेतील सर्व एलईडींचे मिळून विभवांतर वजा करा. जे उरेल ते रोधकाच्या वाट्याला येते. त्याला हव्या असलेल्या धारेने भागा:

रोध = (बॅटरीचे विभवांतर − माळेतील एलईडींचे एकूण विभवांतर) ÷ धारा

हेच सूत्र त्या मुलीने गणकात घातले होते. सूत्र बिनचूक होते. मग बिघडले कोठे?

पहिली चूक : लाल दिव्याचा आकडा पांढऱ्याला

तिच्या पहिल्या दिव्यात पाच पांढऱ्या एलईडींची माळ होती. एका एलईडीला २ व्होल्ट लागतात असे तिने एका जुन्या पुस्तकात वाचले होते. पाच दुणे दहा. बारांतून दहा गेले, उरले २ व्होल्ट. त्याला ०.०२ अँपिअरने भागले, की उत्तर १०० ओहम. तिने १०० ओहमचा रोधक आणून माळ जोडली, कळ दाबली, आणि अंधार!

पुस्तक खोटे नव्हते. त्यातला आकडा लाल एलईडीचा होता. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ साली केला, आणि पुढची बरीच वर्षे पुस्तकांत एलईडी म्हणजे लाल दिवा असेच समीकरण होते. चांगला उजळ निळा एलईडी मिळायला १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरे तर हा निळा दिवाच असतो. त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या स्फुरदीप्त द्रव्याचा लेप असतो, आणि निळा व पिवळा मिळून आपल्याला पांढरा प्रकाश दिसतो.

आता निळ्याला जास्त व्होल्ट का लागावेत? प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा काढायची एक सोपी युक्ती आहे. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागा. उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६३० धरली तर ऊर्जा सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. निळ्याची ४५५ धरली तर सुमारे २.७. इलेक्ट्रॉनला एवढी ऊर्जा बॅटरीकडूनच मिळायची. म्हणून लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, पण निळ्याला आणि अर्थात पांढऱ्याला २० मिलिअँपिअरच्या धारेसाठी ३.२ व्होल्टच्या आसपास लागतात. पाच पांढऱ्यांना १६ व्होल्ट हवेत, आणि बॅटरी १२ची. दिवा पेटणार कसा?

दुसरी चूक : वजा दोनशे ओहम

तिने गणकात २च्या जागी ३.२ लिहिले. गणकाने ताबडतोब नवे उत्तर दिले : वजा २०० ओहम! बिचारी तो आकडा कागदावर लिहून दुकानात गेली. दुकानदार हसून म्हणाला, ‘‘ताई, अधिकचे सगळे आहेत, वजाचा एकही नाही!’’

तुम्ही हसाल, पण त्या वजा चिन्हात मोलाची माहिती होती. बॅटरीचे व्होल्ट पुरत नाहीत, असे ते सांगत होते. गणक वजा उत्तर देतो, कारण बारांतून सोळा वजा करायला त्याला कसलीच अडचण नसते. रोध ऋण असू शकत नाही, हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. म्हणून अशा गणकात एक अट घालावी लागते. वजाबाकीचे उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आले, तर आकडा न दाखवता ‘माळेतील एलईडी कमी करा’ असे वाक्य दाखवायचे. ही अट आम्ही घातली.

एव्हाना तिने स्वतःच माळ तीन एलईडींची केली होती. तीन गुणिले ३.२ म्हणजे ९.६, बारांतून गेले ९.६, उरले २.४ व्होल्ट, भागिले ०.०२ म्हणजे १२० ओहम. अशा दहा माळा समांतर जोडून तीस एलईडींचा दिवा झाला. आणि काय सांगावे, अंगण लख्ख उजळले! तीन आठवड्यांनी मात्र काही माळा मंद पडू लागल्या, आणि तिने नाशिकची वाट धरली.

तिसरी चूक : बारा म्हणजे बारा?

मी तिला विचारले, ‘‘बॅटरी किती व्होल्टची?’’

‘‘बारा.’’

‘‘मोजलीस?’’

तिने बॅटरीवर छापलेला आकडा दाखवला. मी मल्टिमीटर तिच्या हाती दिला. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरून काही वेळ विसावलेली असेल तर ती सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. भरणे चालू असताना तेच विभवांतर १४.४ व्होल्टपर्यंत चढते, आणि वापरता वापरता ते बाराच्या खाली उतरत जाते. ‘१२ व्होल्ट’ हे त्या बॅटरीचे केवळ नाव समजा.

आता १२० ओहमच्या रोधकातून काय होते पाहा. १२.७ व्होल्टला माळेतून २६ मिलिअँपिअर धारा जाते. १४.४ व्होल्टला उरतात ४.८ व्होल्ट, म्हणजे हिशेबाने धारा ४० मिलिअँपिअर, बरोबर दुप्पट! धारा वाढली की एलईडीचे स्वतःचे विभवांतरही थोडे वाढते, त्यामुळे प्रत्यक्षात धारा ४०पेक्षा काहीशी कमी असेल; पण ३०च्या वर खासच.

‘‘पण दिवा लावतो तेव्हा बॅटरी भरत नसते,’’ ती म्हणाली. खरेच? चौकशी करता कळले, की बॅटरी दिवसा शेतावरच्या लहानशा सौर पॅनेलवर भरत असे, आणि रात्रभराच्या जागरणाने दमलेल्या वडिलांना सकाळी दिवा बंद करायची आठवण राहत नसे. भर उन्हात दिवा लागलेला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नसे. नेमक्या त्या वेळी माळांतून सर्वांत जास्त धारा वाहत होती. रात्री लावायचा दिवा दिवसा जळून खराब होत होता!

उपाय उघड होता. रोधक ठरवताना सर्वांत वाईट प्रसंग धरायचा, म्हणजे १२च्या जागी १४.४ घालायचे. ४.८ भागिले ०.०२, उत्तर २४० ओहम.

चौथी चूक : जवळचा की वरचा?

सगळ्या किमतींचे रोधक दुकानात मिळत नाहीत. सहज मिळणाऱ्यांची साखळी ठरलेली असते : १००, १२०, १५०, १८०, २२०, २७०, ३३०, ३९०, ४७० आणि पुढे अशीच. गणकात ही यादी होती, आणि ‘उत्तराच्या सर्वांत जवळचा आकडा निवड’ अशी सूचना होती. त्याप्रमाणे २४०ला जवळचा आकडा २२०. पण २२० ओहम लावले तर धारा होते २१.८ मिलिअँपिअर, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर!

जवळचा आकडा निवडायची सवय आपल्याला शाळेपासून असते. येथे मात्र दोन बाजूंच्या चुका सारख्या नाहीत. रोध थोडा जास्त झाला तर प्रकाश किंचित कमी होईल. थोडा कमी झाला तर एलईडीचे आयुष्य जाईल. म्हणून अशा ठिकाणी नेहमी वरचाच आकडा घ्यायचा. २७० ओहम लावले, की बॅटरी भरत असतानाही धारा १७.८ मिलिअँपिअरच्या वर जात नाही. त्या वेळी रोधकात खर्च होणारी शक्ती ४.८ गुणिले ०.०१७८, म्हणजे वॅटचा बाराव्या हिश्शाहूनही थोडी जास्तच. त्याला पाव वॅटचा रोधक निर्धास्त चालतो.

पाचवी चूक : बरोबर उत्तराची

आता राहिला तासांचा हिशेब. बॅटरीवर ‘७ अँपिअर-तास’ असे छापले होते. गणक सांगत होता, की दिवा ११.७ तास जळेल. मुलीने घरी लावून, घड्याळ घेऊन पाहिले होते. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत सुमारे साडेअकरा तास! ‘‘सर, हा भाग तपासायला नको,’’ ती आत्मविश्वासाने म्हणाली, ‘‘हा पडताळून पाहिला आहे.’’

तरी मी त्या रकान्यातले सूत्र उघडून पाहिले. तीस एलईडी, प्रत्येकाला २० मिलिअँपिअर, म्हणून एकूण ६०० मिलिअँपिअर. ७ भागिले ०.६ बरोबर ११.७.

चूक तुमच्या ध्यानात आली का? क्षणभर थांबा आणि विचार करा.

एकसर जोडणीत सर्व घटकांतून एकच धारा वाहते. माळेतील पहिल्या एलईडीतून गेलेली धाराच दुसऱ्यातून आणि तिसऱ्यातून जाते. म्हणून धारा एलईडीप्रमाणे मोजायची नसते, माळेप्रमाणे मोजायची असते. आम्ही शाबूत राहिलेल्या माळा मोजल्या. बॅटरी १२.४ व्होल्टच्या सुमारास असताना प्रत्येकीतून सुमारे २३ मिलिअँपिअर जात होते. दहा माळांचे झाले २३० मिलिअँपिअर. तिने सूत्र दुरुस्त केले आणि पडद्याकडे पाहिले. ७ भागिले ०.२३, उत्तर ३० तास!

तिचा चेहरा पडला. चुकीच्या सूत्राने ११.७ येत होते आणि दिवा साडेअकरा तास जळत होता. बरोबर सूत्राने ३० तास येऊ लागले. ती हळूच म्हणाली, ‘‘सर, चूक परत घालू का?’’

मित्रहो, हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो प्रामाणिक होता. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? पुष्कळ जण चूक परत घालतील, आणि उत्तर जुळते आहे ना, मग झाले, असे म्हणतील. पण सूत्र आता नक्की बरोबर आहे आणि तरी उत्तर जुळत नाही, याचा अर्थ एकच होतो : दुसरी एक चूक अजून लपून बसली आहे, आणि इतके दिवस पहिली चूक तिला झाकत होती.

दुसरी चूक शोधायला वेळ लागला नाही. साडेअकरा तास, ०.२३ अँपिअर, गुणाकार सुमारे २.६ अँपिअर-तास. बॅटरीने प्रत्यक्षात दिले ते एवढेच. छापलेला ७ हा आकडा नव्या बॅटरीचा, तोही वीस तासांत सावकाश वापरली तर. तिची बॅटरी होती एका संगणकाच्या यूपीएसमधून काढून टाकलेली. वर्षानुवर्षांच्या वापराने अशा बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची साठवणशक्ती घटते. धारा अडीच पटींहून जास्त धरली गेली होती, आणि साठाही तितकाच फुगवून धरला गेला होता. भागाकारात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकत होत्या!

पण उत्तर जुळत होते ना, मग बिघडले काय? तेही पाहू. बॅटरी उतरू लागली, की तीनची माळ लवकर मंद होते. दोनदोन एलईडींच्या माळा केल्या तर प्रकाश जास्त काळ एकसारखा राहतो. तसे करण्याचे तिच्या मनात होतेच. तिच्या जुन्या सूत्राला यात काहीच फरक दिसला नसता. एलईडी तीसच, म्हणून उत्तर पुन्हा ११.७ तास. वास्तवात मात्र माळा दहाच्या पंधरा होतात. तेवढ्याच २३ मिलिअँपिअरने धारा होते ३४५ मिलिअँपिअर, आणि २.६ अँपिअर-तासांचा साठा साडेसात तासांत संपतो. रात्री दहाला लावलेला दिवा सकाळी सहाला मोटार बंद होण्याआधीच, उसाच्या कडेला, अंधारात विझला असता. आणि गणकावर विश्वास ठेवून गेलेला माणूस त्या वेळी बांधावर असता.

निफाडची थंडी आणि शिल्लक

आता आम्ही पुन्हा सगळा हिशेब मांडला. २७० ओहमच्या रोधकांनी सर्व माळा नव्याने जोडल्या आणि एकूण धारा मोजली. ती सुमारे ११५ मिलिअँपिअर भरली. शिसे-आम्ल बॅटरी रोज पार रिकामी केली तर ती लवकर मरते; म्हणून साठ्यापैकी निम्माच वापरायचा असे ठरवले. २.६चे निम्मे १.३; भागिले ०.११५, उत्तर सुमारे ११ तास.

निम्मा साठा राखून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमान कित्येक हिवाळ्यांत ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावतात आणि तिच्याकडून मिळणारा साठा आणखी घटतो. गव्हाला रात्री पाणी भरायचे दिवस नेमके तेच. घरात केलेली चाचणी शेतावरच्या थंडीत लागू पडेलच असे नाही, हे गणकाच्या रकान्यांत कोठेच नव्हते.

धारा निम्मी झाली, तेव्हा प्रकाशही निम्म्याच्या जवळपास आला. पण डोळ्यांना तो निम्मा वाटत नाही, कारण आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात. बांधावरची वाट दिसायला तेवढा प्रकाश पुरतो, याची खात्री तिने वडिलांना दिवा दाखवून करून घेतली. ही चाचणी करायला मी सांगितले नव्हते; ती तिची तिलाच सुचली.

गणक दुसऱ्याच्या हाती देताना

गणक दुरुस्त झाल्यावर तिच्या वर्गमित्रांनी तो मागून घेतला. पहिल्याच मुलाने धारेच्या रकान्यात २० असे भरले आणि त्याला उत्तर मिळाले ०.२४ ओहम! रकान्यावर नुसते ‘धारा’ असे लिहिलेले होते. सूत्राला अँपिअर हवे होते, मुलाने भरले मिलिअँपिअर. तिला स्वतःला ०.०२ भरायचे हे पाठ होते, म्हणून ही उणीव तिला कधी जाणवलीच नाही.

एककांचा असा गोंधळ मोठमोठ्यांच्या हातूनही होतो. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. एका गटाची संगणक आज्ञावली रेट्याचे आकडे पौंडांच्या एककात देत होती, आणि ते न्यूटनमध्ये आहेत असे समजून दुसरा गट यानाचा मार्ग आखत होता. आमच्या गणकात आम्ही रकान्यावर ‘धारा, मिलिअँपिअरमध्ये’ असे स्पष्ट लिहिले, हजाराने भागायचे काम सूत्राकडे दिले, आणि १ ते ३० यांच्या बाहेरचा आकडा गणकाने स्वीकारू नये अशी अट घातली.

गणकाची परीक्षा घ्या

गणक आपली परीक्षा घेत नाही. आपणच त्याची घ्यायला हवी. ती कशी घ्यायची? ज्यांची उत्तरे आपल्याला आधीच पक्की ठाऊक आहेत, अशी उदाहरणे त्याला घालून. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ हा अंक तुम्हांला माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. सातव्या पायरीपर्यंत ६१७४ येतेच. ३५२४पासून सुरुवात केली तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. आता कोणी ही कृती करणारी आज्ञावली लिहिली आणि तिचे उत्तर ६१७४ आले नाही, तर चूक आज्ञावलीत आहे हे कागद-पेन्सिलवाल्यालाही छातीठोकपणे सांगता येते. दिवा-गणकासाठी अशी पाच उदाहरणे देतो :

१. ५ व्होल्ट, एक लाल एलईडी (२ व्होल्ट), २० मिलिअँपिअर. उत्तर १५० ओहमच आले पाहिजे.

२. १२ व्होल्ट, चार पांढरे एलईडी (प्रत्येकी ३.२ व्होल्ट). गणकाने नकार दिला पाहिजे.

३. ६.४ व्होल्ट, दोन पांढरे एलईडी. उरते शून्य, येथेही नकारच हवा.

४. धारा निम्मी केली, की रोध दुप्पट झाला पाहिजे.

५. एलईडींची संख्या तीच ठेवून माळा लहान केल्या, म्हणजे माळांची संख्या वाढवली, की तास कमी झाले पाहिजेत.

पाचवे उदाहरण त्या मुलीच्या जुन्या गणकाने सोडवले असते का? नाही. मग साडेअकरा तास घड्याळ घेऊन बसण्याआधीच चूक हाती लागली असती.

करून पाहा

हा दिवा तुम्हीही करू शकता. मात्र काही पथ्ये पाळा. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी असले प्रयोग मुळीच करायचे नाहीत, बॅटरीवरच करा. बॅटरीची दोन टोके तारेने चुकूनही एकमेकांना जोडू नका. क्षणात तार लाल होऊन हात भाजेल. बॅटरीच्या धन टोकालगत १ अँपिअरचा फ्यूज बसवा. बॅटरी भरताना ती मोकळ्या हवेत ठेवा, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. जुनी बॅटरी असेल तर छापील आकड्यावर न जाता तिचा साठा मोजून घ्या. त्यासाठी बॅटरी पूर्ण भरा, १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब मल्टिमीटरमार्फत जोडून धारा मोजा, दर अर्ध्या तासाने बॅटरीचे विभवांतर टिपा आणि ते १०.८ व्होल्टवर येताच बल्ब काढून बॅटरी पुन्हा भरायला लावा. तास आणि सरासरी धारा यांचा गुणाकार म्हणजे बॅटरीचा खरा साठा. ही नोंद प्रयोगवहीत तारखेसह ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. साठा किती घटला ते कळेल.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात असा गणक करून घेतला, तर मुलांनी आपापले गणक एकमेकांना तपासायला द्यावेत. आपली चूक आपल्याला क्वचितच दिसते. शेजाऱ्याला ती पटकन दिसते.

तो दिवा प्रदर्शनात मांडला गेला. शेजारच्या तक्त्यावर मुलीने गणकाची दोन्ही रूपे, जुने आणि नवे, शेजारी शेजारी लावली होती, आणि जुन्यातल्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या. प्रदर्शन संपल्यावर दिवा पुन्हा शेतावर गेला. आता त्याला एक जास्तीची कळ आहे : बॅटरी पॅनेलला जोडली, की दिवा आपोआप बंद होतो. सकाळी दमून आलेल्या वडिलांनी ते लक्षात ठेवायला नको, म्हणून.